संतचरित्रांचा साचा आणि सुलतानपूरची वाट

सोळाव्या आणि सतराव्या शतकांत सुरतेच्या बंदरात उतरलेला माल आणि माणसे उत्तर हिंदुस्थानात नेणाऱ्या ज्या वाटा होत्या, त्यांपैकी दोन महत्त्वाच्या वाटा आजच्या नंदुरबार जिल्ह्यातून जात असत. एक वाट नवापूर आणि नंदुरबार करीत बऱ्हाणपूरकडे वळे. ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने तिच्यावरच्या नवापुरात मिळणाऱ्या, कस्तुरीसारखा वास असलेल्या बारीक पांढऱ्या तांदळाची आवर्जून नोंद केली आहे. दुसरी वाट कुकरमुंड्याजवळ तापी ओलांडून तळोदा व सुलतानपूर गाठे आणि तेथून सातपुडा चढून नर्मदेच्या खोऱ्यात उतरे. सुलतानपूर हे आता शहादा तालुक्यातील एक साधे गाव असले, तरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत ओस पडण्यापूर्वी ते नांदत्या परगण्याचे ठाणे होते. १५८० च्या आरंभी या दुसऱ्या वाटेने एका काफिल्याबरोबर तीन पाद्री फत्तेपूर सिक्रीकडे गेले. अकबर बादशहाने गोव्याहून विद्वान ख्रिस्ती धर्मगुरूंना बोलावले होते, आणि त्या आमंत्रणाला उत्तर म्हणून येशूसंघाने, म्हणजे जेझुइट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॅथलिक व्रतस्थांच्या संघाने, त्यांना पाठवले होते.

या तिघांचा प्रमुख रुडॉल्फ अक्वाविवा हा इटलीतील आत्री येथील ड्यूकचा मुलगा असून त्या वेळी त्याचे वय २९ वर्षांचे होते. दुसरा अंतोनियो मॉन्सेर्रात हा काटेकोर टिपणे ठेवणारा काताला‍न गृहस्थ होता. वाटेत तो अक्षांश मोजत असे, आणि त्याच्या लॅटिन वृत्तांताबरोबर त्याने काढलेला हिंदुस्थानचा छोटा नकाशाही उपलब्ध आहे. तिसरा फ्रान्सिस हेन्रिकेस हा होर्मुझ बेटावरचा, इस्लाममधून ख्रिस्ती झालेला फारसी दुभाषी होता. मॉन्सेर्रातचा वृत्तांत शतकानुशतके हरवलेला होता आणि १९०६ मध्ये तो कोलकात्यातील एका ग्रंथालयात सापडला, म्हणूनच तळोद्याच्या वाटेने झालेल्या या प्रवासाचा तपशील अभ्यासकांच्या हाती लागला.

अक्वाविवा याचा अंत तीन वर्षांनी गोव्यात हिंसक रीतीने झाला आणि १८९३ मध्ये रोमच्या धर्मपीठाने त्याला ‘धन्य’ ठरवले. कॅथलिक परंपरेत धन्य ही संतपदाच्या अलीकडची पायरी होय, आणि तिच्यामुळे मर्यादित प्रदेशात किंवा संघात त्या व्यक्तीची सार्वजनिक उपासना करता येते. ख्रिस्ती संतचरित्रांच्या इतिहासात त्याला जे स्थान द्यावे लागते, ते मात्र केवळ या पदवीमुळे नव्हे. संतांची चरित्रे माणूस मेल्यावर लिहिली जातात हे खरे. पण आधी लिहिलेली चरित्रे वाचून, त्यांच्या साच्यात आपले आयुष्य आणि मरण बसवण्याचा ध्यास घेतलेली माणसेही असतात, आणि सुलतानपूरच्या वाटेने गेलेला हा तरुण त्यांपैकी एक होता. तो साचा कसा घडला, हे समजून घेण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

आरंभीच्या तीन शतकांत, रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला राजमान्यता नसताना, ज्यांनी श्रद्धा सोडण्याऐवजी मृत्यू पत्करला त्यांना ग्रीक भाषेत ‘साक्षीदार’ म्हणत. मराठी ख्रिस्ती लेखनात त्यांच्यासाठी रक्तसाक्षी आणि हुतात्मा हे शब्द रूढ आहेत. त्यांच्या खटल्यांची आणि मृत्यूची टिपणे एका गावची मंडळी दुसऱ्या गावच्या मंडळीला पत्रांतून कळवीत, आणि ती मृत्यूच्या वार्षिक दिवशी समाधीपाशी वाचली जात. स्मर्ना येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना दुसऱ्या शतकाच्या मध्यास जाळण्यात आले, त्याविषयीचे पत्र हे या प्रकाराचे सर्वांत जुने उदाहरण मानले जाते. त्यात ज्वाळा शिडाप्रमाणे फुगून त्यांच्याभोवती कमान करतात पण देहाला जाळत नाहीत, आणि अखेर खंजिराने त्यांचा अंत करावा लागतो. अग्नी नीतिमानाला स्पर्श करीत नाही, ही कल्पना बायबलमधील दानिएलाच्या ग्रंथातून आलेली आहे. ती एकदा या पत्रात शिरल्यावर पुढच्या हजार वर्षांत असंख्य चरित्रांतून पुन्हा पुन्हा भेटत राहते.

याच्या अगदी उलट स्वरूपाचे लेखन इ. स. २०३ मध्ये कार्थेज येथे मारल्या गेलेल्या पर्पेटुआ या बावीस वर्षांच्या स्त्रीचे आहे. तुरुंगात असताना तिने स्वतः लिहिलेला मजकूर तिच्या मृत्यूच्या वृत्तांतात जसाच्या तसा ठेवला गेला, आणि त्यात तान्ह्या मुलाला पाजता न आल्यामुळे होणारी तगमग, तुरुंगातील काळोख व उकाडा, आणि पांढऱ्या केसांचा बाप तिच्या पायांशी लोळण घेऊन तिला हट्ट सोडायला विनवतो तो प्रसंग येतो. चमत्कार त्यात जवळजवळ नाहीत. स्वप्ने आहेत, आणि तीही स्वप्नांसारखीच विस्कळीत. संतचरित्राच्या कोणत्याही वाचकाने पॉलिकार्प आणि पर्पेटुआ यांचे वृत्तांत शेजारी ठेवून वाचावेत, कारण साचा कुठे बोलतो आणि घडलेले कुठे बोलते यांतला फरक तेथे विनासायास कळतो.

चौथ्या शतकात साम्राज्यच ख्रिस्ती होऊ लागले, तसा छळ थांबला आणि रक्तसाक्षींची जागा तपस्व्यांनी घेतली. अथानासियस यांनी लिहिलेले इजिप्तमधील वाळवंटात राहणाऱ्या अँथनी यांचे चरित्र, आणि शतकाच्या अखेरीस सल्पिशियस सेव्हेरस याने लिहिलेले तूर येथील मार्टिन यांचे चरित्र, ही पुढील सर्व तपस्वी-चरित्रांची आदर्श उदाहरणे ठरली. बालपणीच दिसणारी विरक्ती, संपत्तीचे दान, सैतानाशी झुंज, आजाऱ्यांना बरे करणे, मृत्यूची आधीच कळलेली वेळ, आणि मृत्यूनंतर समाधीपाशी घडणारे चमत्कार, असा त्यांचा क्रम असतो. महाराष्ट्रातील संतकथा लहानपणापासून ऐकलेल्या वाचकाला तो क्रम परका वाटण्याचे कारण नाही.

तेराव्या शतकात ही विखुरलेली सामग्री एकत्र आली. याकोबुस द व्होराजिने या डोमिनिकन व्रतस्थाने, जो पुढे जेनोवाचा आर्चबिशप झाला, १२६० च्या सुमारास वर्षभरातील सणांच्या क्रमाने संतांच्या कथांचा जो संग्रह केला, तो ‘सुवर्णकथा’ या अर्थाच्या लॅटिन नावाने युरोपभर पसरला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, आणि या दोन समकालीन संग्राहकांची तुलना उद्बोधक आहे. म्हाइंभटांनी स्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांकडे जाऊन, त्यांनी पाहिले-ऐकले ते तपासून घेतले, त्यामुळे लीळांमध्ये गावांची नावे, खाण्याचे पदार्थ आणि बोलण्याची लकब शिल्लक राहिली. याकोबुसने मात्र हजार वर्षांच्या पोथ्या वाचून त्यांचा सारांश केला, त्यामुळे त्याच्या संग्रहात माणसे पुसट आणि प्रसंग ठळक झाले. ऐतिहासिक साधन म्हणून लीळाचरित्र निःसंशय श्रेष्ठ आहे. प्रवचनकाराच्या हाताशी असण्याच्या दृष्टीने मात्र याकोबुसचा ग्रंथ इतका सोयीचा ठरला की हस्तलिखितांच्या काळात बायबलखालोखाल ज्यांच्या प्रती झाल्या, अशा मोजक्या ग्रंथांत तो जमा होतो.

या ग्रंथाच्या एका वाचकामुळे पुढचा इतिहास बदलला. १५२१ च्या मे महिन्यात पाम्प्लोना येथील लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला इग्नेशियस हा बास्क सरदार लोयोला येथील वाड्यात पडून होता. त्याला शिलेदारांच्या प्रेमकथा हव्या होत्या, पण घरात ख्रिस्तचरित्र आणि या सुवर्णकथांचे स्पॅनिश भाषांतर एवढेच सापडले. फ्रान्सिस आणि डॉमिनिक या संतांनी जे केले ते आपण का करू नये, असा विचार त्याच्या मनात घोळू लागला, आणि त्याची परिणती १५४० मध्ये मान्यता मिळालेल्या येशूसंघात झाली. अक्वाविवा ज्या संघाचा होता तो संघ असा एका संतचरित्र-संग्रहाच्या वाचनातून निघालेला होता, ही गोष्ट ध्यानात घेतली की त्याच्या हुतात्मा होण्याच्या ओढीकडे वैयक्तिक विक्षिप्तपणा म्हणून पाहता येत नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हा साचा त्यापूर्वीच, १३२१ मध्ये, एकदा पोहोचून गेला होता. तोलेंतिनो येथील टॉमस, पादुआ येथील जेम्स आणि सिएना येथील पीटर हे तीन फ्रान्सिस्कन व्रतस्थ, तिफ्लिस येथील दिमित्री हा त्यांचा दुभाषी सोबती, आणि जोर्दानुस हा डोमिनिकन, असे पाच जण इराणी आखातातून निघून दक्षिणेतील कोल्लमला आणि तेथून चीनला जाण्याच्या बेतात होते; पण त्यांचे जहाज ठाण्याला लागले. ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन, म्हणजे इराणी परंपरेच्या पौर्वात्य ख्रिस्ती लोकांची काही घरे होती, आणि त्यांपैकी एका घरी ते उतरले. सहाव्या शतकात कॉस्मास या अलेक्झांड्रियाच्या प्रवाशाने कल्याणला इराणमधून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे, त्यामुळे ठाण्याच्या खाडीकाठी अशी वस्ती असणे अनपेक्षित नव्हते. भडोचकडे ख्रिस्ती लोक आहेत असे कळल्यावरून जोर्दानुस सोपाऱ्याच्या वाटेने तिकडे निघाला, आणि मागे राहिलेल्या चौघांवर एप्रिल महिन्यात आपत्ती ओढवली.

या घटनेचा विस्तृत वृत्तांत ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने दिलेला आहे. तो काही काळाने ठाण्याला आला होता आणि १३३० मध्ये इटलीला परतल्यावर त्याने आपला प्रवास सांगून लिहवून घेतला. त्याच्या सांगण्यानुसार आरंभ एका घरगुती भांडणाने झाला: यजमानाने बायकोला मारले, तिने काझीकडे फिर्याद नेली, साक्षीदार म्हणून पाहुण्यांची नावे घेतली, आणि काझीसमोर चौकशीचे रूपांतर धर्मविषयक वादात झाले. टॉमस यांनी इस्लामविषयी कठोर उत्तर दिले, त्यांना उन्हात उभे करण्यात आले, जेम्स यांना आगीत टाकण्यात आले व ते दोनदा न भाजता बाहेर आले, आणि शेवटी चौघांचाही शिरच्छेद झाला. येथे पॉलिकार्पच्या ज्वाळा ओळखू याव्यात. नवरा-बायकोचे भांडण मात्र कोणत्याही जुन्या चरित्रातून उचललेले नाही. हुतात्म्याच्या कथेला ते शोभत नाही, ते प्रसंगाची उंची कमी करते, आणि नेमके म्हणूनच ते घडले असावे असे मानण्यास जागा आहे. जोर्दानुस परत आला, त्याने देह मिळवून सोपाऱ्यात पुरले, आणि १३२९ मध्ये त्याला कोल्लमचा बिशप नेमण्यात आले. ओदोरिकने अस्थी उकरून चीनमधील बंदरापर्यंत नेल्या. वाटेत जळत्या घरात त्या आणि तो सुरक्षित राहिल्याचेही तो सांगतो. टॉमस यांच्या उपासनेला रोमने औपचारिक मान्यता दिली ती १८९४ मध्ये, म्हणजे पावणेसहाशे वर्षांनी.

ठाण्याच्या घटनेनंतर सुमारे वीस वर्षांनी इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादहून खंबायतला जाताना नंदुरबारला थांबला होता. येथील मराठ्यांमध्ये निष्णात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, ते भात, भाज्या आणि तिळाचे तेल खातात, असे त्याने लिहिले आहे. तो संतचरित्रकार नव्हता, त्यामुळे त्याच्या लेखनात अशा नोंदींना भरपूर जागा मिळाली. ओदोरिक ठाण्यात राहिला, पण तेथील लोक काय खात हे त्याच्या दृष्टीने अस्थींपेक्षा गौण होते.

संतचरित्रे पश्चिमेकडून पूर्वेकडेच आली असाही समज होण्याचे कारण नाही, कारण मध्ययुगीन युरोपातील एक अत्यंत लोकप्रिय संतकथा भारतातून तिकडे गेलेली होती. हिंदुस्थानच्या राजाचा मुलगा जोसाफाट याला बापाने वाड्यात कोंडून ठेवले, तरी त्याने आजार, म्हातारपण आणि मृत्यू यांविषयी जाणून घेतलेच, बार्लाम या संन्याशाकडून दीक्षा घेतली आणि राज्य सोडले, अशी ही कथा आहे. ती उघडच गौतम बुद्धाची आहे: मध्य आशिया, अरबी आणि जॉर्जियन असे टप्पे घेत ती ग्रीकमध्ये आणि मग लॅटिनमध्ये पोहोचली, ‘बोधिसत्त्व’ या उपाधीचे लिपींच्या गोंधळात जोसाफाट झाले, याकोबुसने ती आपल्या संग्रहात घेतली, आणि सोळाव्या शतकात रोमच्या अधिकृत संतसूचीत २७ नोव्हेंबर ही तिथी या दोघांना मिळाली. गोव्यातील पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कौतु याने साष्टीतील, म्हणजे आजच्या मुंबईच्या उपनगरांतील, कान्हेरी लेण्यांचे वर्णन करताना तेथील राजपुत्राच्या कथेचा जोसाफाटच्या कथेशी संबंध जोडला. बुद्धाच्या भिक्षूंनी कोरलेल्या लेण्यांत उभे राहून पोर्तुगीज माणसाला एका ख्रिस्ती संताची आठवण व्हावी, यात त्याचे अज्ञान दिसते असे म्हणता येईल. पण साम्य ओळखण्यात तो युरोपीय पंडितांच्या अडीचशे वर्षे पुढे होता.

अक्वाविवा आणि त्याचे सोबती फेब्रुवारी १५८० च्या अखेरीस फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. त्यांनी अकबराला अनेक भाषांत छापलेल्या बायबलचे अँटवर्प येथील भव्य खंड नजर केले, आणि रोममधील एका चर्चमध्ये असलेल्या, संत लूक यांनी स्वतः रंगवल्याची श्रद्धा असलेल्या मरियेच्या चित्राची प्रत त्यांच्या प्रार्थनागृहात बादशहाने आदराने पाहिली. वादविवाद झाले, स्नेह जमला, धर्मांतर झाले नाही. अक्वाविवाची पत्रे पाहिली तर दरबारातील सन्मान त्याला बोचत होता असे दिसते. रक्तसाक्षी होण्याची इच्छा तो उघडपणे व्यक्त करीत असे, आणि ज्या बादशहाने त्याला संरक्षण दिले त्याच्यामुळेच ती पूर्ण होण्याची शक्यता उरली नव्हती. १५८३ मध्ये तो गोव्यास परतला आणि दक्षिण गोव्यातील साष्टी तालुक्याच्या मिशनचा प्रमुख झाला.

त्या तालुक्यात पोर्तुगीजांनी १५६७ पासून मंदिरे पाडण्याचा सपाटा लावलेला होता. कुंकळ्ळी गावच्या गावकरांनी, म्हणजे जमिनीची सामाईक मालकी आणि गावचा कारभार पाहणाऱ्या घराण्यांच्या प्रमुखांनी, पुन्हा मंदिर उभारले आणि सारा देण्याचे नाकारले, त्यावर लष्करी मोहिमा झाल्या, आणि त्या मोहिमांत पिएत्रो बेर्नो व आफोन्सु पाशेकु हे जेझुइट सहभागी होते. २५ जुलै १५८३ रोजी अक्वाविवा, बेर्नो, पाशेकु, अंतोनियु फ्रान्सिस्कु आणि फ्रान्सिस्कु आरान्य हे पाच जण चर्चसाठी जागा पाहण्यास व क्रूस उभारण्यास कुंकळ्ळीत गेले असता गावकऱ्यांनी त्यांना ठार केले. अक्वाविवाने मान पुढे केली, असे त्याची चरित्रे सांगतात. त्याचा स्वभाव पाहता ते अशक्य नाही, आणि चरित्रांचा साचा पाहता ते अपेक्षितही आहे, त्यामुळे येथे साचा आणि घटना वेगळ्या करणे कोणालाच जमणार नाही. त्यानंतर पोर्तुगीजांनी बोलणी करण्याच्या निमित्ताने कुंकळ्ळीच्या गावकरांना आसोळणे येथील किल्ल्यात बोलावले आणि त्यांपैकी बहुतेक सर्वांची हत्या केली. गावची देवता शांतादुर्गा फातर्पे येथे हलवली गेली.

पाच जेझुइटांबरोबर एक पोर्तुगीज गृहस्थ आणि गोव्यातील अनेक स्थानिक ख्रिस्ती माणसेही मारली गेली. त्यांत लहान मुले होती. १८९३ मध्ये धन्य ठरले ते फक्त पाच जण. किल्ल्यात मारल्या गेलेल्या गावकरांचे चरित्र लिहिण्याचा तर प्रश्नच उद्भवला नाही. त्यांचे स्मारक कुंकळ्ळीत २००३ मध्ये उभे राहिले. संतचरित्र हे ज्याला स्मरायचे आहे त्याच्याभोवती प्रकाश पाडते आणि बाकीचे अंधारात ठेवते. हा दोष एकट्या ख्रिस्ती परंपरेचा नाही, परंतु कुंकळ्ळीइतका तो फार थोड्या ठिकाणी स्पष्ट दिसतो.

विहिरीत टाकलेले जेझुइटांचे पाच देह बाहेर काढून त्यांचे दफन करण्याचे काम ज्याच्याकडे आले, तो टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट मराठी वाङ्मयाला चांगला परिचित आहे. १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास आलेला हा माणूस चाळीस वर्षे तेथे राहिला, आणि १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापलेल्या त्याच्या सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ने मराठीत ख्रिस्ती पुराणांची परंपरा सुरू केली. १६०८ मध्ये त्याने देवनागरी खिळे पाडून मिळावेत म्हणून संघाच्या प्रमुखाला विनंती केली होती. तो प्रमुख क्लॉडिओ अक्वाविवा, रुडॉल्फचा सख्खा चुलता होता. खिळे मिळाले नाहीत.

क्रिस्तपुराणाचा विषय ख्रिस्त असल्यामुळे त्यात संतांची चरित्रे गौण राहिली, ती उणीव स्टीफन्सच्या मागून आलेल्यांनी भरून काढली. एत्येन द ला क्र्वा या फ्रेंच जेझुइटाने पीटर या प्रेषितावरचे प्रचंड ओवीबद्ध पुराण १६२९ आणि १६३४ असे दोन भागांत गोव्यात छापले. पीटरचे आयुष्य हे त्यात निमित्त आहे; खरा उद्देश हिंदू पुराणकथांचे खंडन हा असून, त्यासाठी लेखकाने मराठी ग्रंथांचे जे वाचन केले ते पाहून आजच्या अभ्यासकालाही आदर वाटतो आणि त्याचा जो उपयोग केला ते पाहून खेद होतो. अंतोनियु द साल्दान्य याचे १६५५ मधील पादुआच्या संत अँथनींचे चरित्र याहून वेगळे आहे. अँथनी हे लिस्बनमध्ये जन्मलेले फ्रान्सिस्कन प्रवचनकार १२३१ मध्ये वारले आणि वर्षभराच्या आत संत ठरले. हरवलेल्या वस्तू मिळवून देणारा संत म्हणून त्यांची ख्याती आहे. त्यांच्या चमत्कारकथा गोव्याच्या बोलीत सांगताना साल्दान्य वाद घालत बसत नाही, कथा सांगतो. वाचनीयतेच्या कसोटीवर पीटरच्या पुराणापेक्षा हे पुस्तक उजवे आहे. वसई-ठाणे भागात फ्रान्सिस्कु व्हाज द गिमारांइश या फ्रान्सिस्कनाने तेथील बोलीत रचलेले आणि १६५९ मध्ये लिस्बनला छापलेले पुराण घरोघर गायले जात असे, तेही याच परंपरेतील. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला, आणि गोव्यातील हा ओघ आटला.

फारसीतही असाच एक प्रयत्न झाला, आणि त्याचा कर्ता खानदेशात येऊन गेलेला होता. जेरोम झेवियर, म्हणजे फ्रान्सिस झेवियर यांच्या बहिणीचा नातू, अकबराच्या छावणीबरोबर बऱ्हाणपुरात आला होता आणि जानेवारी १६०१ मध्ये अशीरगड मोगलांच्या हाती पडला त्या सुमारास तो तेथेच होता. त्याने ख्रिस्तचरित्रापाठोपाठ बारा प्रेषितांची चरित्रे फारसीत लिहिली आणि ती जहांगीरच्या दरबारी सादर केली. अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदलेले आहे. मोगल राज्यात फारसी वाचणाऱ्या अंमलदारांची उणीव नव्हती, तरी प्रेषितांच्या या कथा दरबाराबाहेर फारशा पसरल्याचे दिसत नाही.

ज्या संघाने साच्यावर जीव ओवाळला, त्याच संघाने साचा उकलण्याचे कामही हाती घेतले. अँटवर्प येथील जेझुइट जाँ बोलाँ आणि त्याचे सहकारी यांनी, बोलांदिस्त या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंडळाने, १६४३ पासून संतचरित्रांच्या मूळ हस्तलिखितांचे चिकित्सक खंड काढण्यास आरंभ केला. त्यांच्यापैकी पापेब्रोख याने, कार्मेलाइट संघाची स्थापना एलिया संदेष्ट्याने केली या समजुतीला पुरावा नाही असे दाखवले, तेव्हा १६९५ मध्ये स्पेनच्या धर्मन्यायालयाने त्याचे खंड निषिद्ध ठरवले. विसाव्या शतकाच्या आरंभी याच मंडळातील इपोलित दलेए याने चरित्रकार नकळत साचे कसे वापरतात याचे शास्त्रशुद्ध विवेचन केले. संत खरा असू शकतो आणि त्याचे चरित्र रचलेले असू शकते, ही त्याची भूमिका आज सर्वमान्य झालेली आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील आजच्या ख्रिस्ती समाजाचा या साऱ्या परंपरेशी आलेला संबंध मर्यादित आहे. तळोद्याच्या वाटेने गेलेल्या पाद्र्यांनी येथे कोणतेही मिशन स्थापन केले नाही. ते वाटसरू होते. पश्चिम खानदेशात, नवापूरपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत, भिल्ल आणि मावची समाजांत ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या त्या विसाव्या शतकात आणि मुख्यतः स्कँडिनेव्हियन वळणाच्या प्रॉटेस्टंट मिशनांच्या कामातून. प्रॉटेस्टंट परंपरेत संतांना मध्यस्थीसाठी आळवत नाहीत, संतांच्या मूर्ती व अस्थी ठेवत नाहीत, आणि वर्षाच्या पंचांगात संतांच्या तिथींना स्थान जवळजवळ नाही. नाशिकच्या कॅथलिक धर्मप्रांतात हा जिल्हा मोडतो, त्यामुळे अँथनी, फ्रान्सिस झेवियर किंवा जपानमध्ये १५९७ साली क्रूसावर मारले गेलेले आणि १८६२ मध्ये संत ठरलेले वसईचे गोन्सालो गार्सिया यांची नावे कॅथलिक उपासनेत ऐकू येतात. पण जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती घरांत कथा सांगायची ती थेट बायबलमधली.

प्रॉटेस्टंट मिशनरी आणि संतचरित्रे यांची फारकत मात्र सर्वत्र इतकी पूर्ण नव्हती. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी निवृत्तीनंतरची वर्षे मराठी संतचरित्रांच्या इंग्रजी भाषांतराला वाहिली. ताहराबादच्या महिपतींनी १७६२ मध्ये पुरा केलेला ‘भक्तविजय’ त्यांनी पंडित गोडबोले यांच्या साहाय्याने भाषांतरित केला आणि तो त्यांच्या मृत्यूनंतर १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. याच अ‍ॅबट यांना लंडनमधील मार्सडन संग्रहात स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणाची देवनागरी हस्तलिखित प्रत आढळली आणि १९२५ मध्ये त्यांनी ती अभ्यासकांच्या नजरेस आणली. स्टीफन्सने मागितलेले देवनागरी खिळे कधी पडले नव्हते, तरी कोणी तरी त्याचे पुराण बोरूने देवनागरीत लिहून ठेवले होते, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून देवनागरी आवृत्ती काढली तेव्हा ते त्या लिपीत छापून आले.